पिवळ्या रेषेचा पत्ता

गेल्या वर्षी दिवाळीच्या जरा आधीची गोष्ट. पाऊस एकदाचा मागे हटला होता आणि नॅशनल पार्कच्या डोंगरामागे सूर्य गेला की मुलुंडच्या आकाशात दोनचार तारे दिसण्याची सोय झाली होती. उपनगरात राहणाऱ्यांना दोनचार म्हणजे पुष्कळच. नववीत शिकणारी माझी भाची त्यांपैकी एकाच्या, अभिजितच्या, मागे लागली होती. गच्चीवर तिवई, तिवईवर कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काचेची एक लहानशी चकती. या चकतीवर दर मिलिमीटरला शंभर अशा बारीक रेघा ओढलेल्या असतात. ताऱ्याचा प्रकाश त्यातून गेला की फोटोत ताऱ्याचा ठिपका येतो आणि त्याच्या शेजारी त्याचाच पसरलेला पट्टा येतो. हाच ताऱ्याचा वर्णपट. पट्ट्यात मध्ये मध्ये काळसर खाचा दिसतात. त्या कुठे आहेत ते अचूक सांगता आले की ताऱ्यात काय आहे ते सांगता येते.

पुढचे काम लॅपटॉपवरच्या आज्ञावलीचे. पट्ट्याचा आलेख निघाला आणि भाची धावत खाली आली.

“मामा, हे बघ. ५४४५ला खाच आहे. हायड्रोजनच्या यादीत अशी रेषाच नाही!”

मी यादी पाहिली. खरोखरच नव्हती. दाजींनी तेवढ्यात जिन्यात भेटलेल्या दोघांना सांगूनही टाकले होते की, मुलीने ताऱ्यावर नवीन काहीतरी शोधले आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी मथळाही ठरला होता आणि त्याच्या शेवटी एक मोठे प्रश्नचिन्ह होते. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. मी एवढेच विचारले, “हे ५४४५ कुणी सांगितले?”

“कॉम्प्युटरने.”

“आणि कॉम्प्युटरला?”

यावर ती थांबली. आजचा हा लेख त्या थांबण्याबद्दल आहे.

कॅमेऱ्याला तरंगलांबी कळत नाही. त्याला कळते ती चौकट: डावीकडून चारशेव्या चौकटीत उजेड किती, चारशेएकाव्या चौकटीत किती. चारशेवी चौकट म्हणजे किती अँगस्ट्रॉम, हे त्याला बाहेरून कुणीतरी सांगावे लागते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. हिरव्या उजेडाची तरंगलांबी साडेपाच हजार अँगस्ट्रॉमच्या आसपास असते.) हे सांगण्याचा एकच मार्ग आहे. जिचे माप आधीपासून पक्के ठाऊक आहे अशी एखादी रेषा त्याच पट्ट्यावर ओळखायची, आणि तिच्यापासून पुढे मोजायचे. भाजीवाल्याच्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो ना, तसा हा शिक्का. शास्त्रज्ञ याला अंशांकन म्हणतात. आपण मापाची खूणगाठ म्हणू.

भाचीने ही खूणगाठ बांधली होती, नाही असे नाही. ताऱ्याचा ठिपका म्हणजे शून्य, आणि पट्ट्यावरची एक ठळक खाच म्हणजे हायड्रोजनची ४८६१ची रेषा, असे तिने आज्ञावलीला सांगितले. आज्ञावलीने दोन बिंदूंतून सरळ रेघ ओढली आणि खाली अभिमानाने लिहिले: चूक शून्य. दोन बिंदूंतून सरळ रेघ नेहमीच जाते. त्यात चूक शून्य येणार नाही तर काय?

घोटाळा असा की, अभिजितच्या पट्ट्यात हायड्रोजनच्या खाचा एकीशेजारी एक अशा रांगेने येतात, आणि त्यांतली भलतीच खाच तिने ४८६१ म्हणून धरली होती. ती होती शेजारची ४३४०ची. तेवढ्याने साऱ्या पट्ट्याचे माप बारा टक्क्यांनी ताणले गेले आणि खरी ४८६१ची रेषा सरकून ५४४५वर जाऊन बसली. रात्री शेवटच्या कर्जत लोकलने निघालेला पेंगुळलेला माणूस विक्रोळीला भांडुप समजला तर काय होईल? पुढची स्टेशने तो बिनचूक मोजेल, दोन स्टेशने झाली की मुलुंड आले म्हणून उतरेल, आणि उभा असेल भांडुपच्या फलाटावर. मोजण्यात चूक नव्हती. पहिल्याच स्टेशनचे नाव चुकले होते.

चूक पकडली ती समोरच्या इमारतीच्या दिव्याने. त्यांच्या पाण्याच्या टाकीवर जुन्या पद्धतीचा एक सीएफएल दिवा अजून जळतो. त्यात पारा असतो, आणि पाऱ्याची ५४६१ची हिरवी रेषा जगभर सारखीच. भाचीने कॅमेरा त्या दिव्याकडे वळवला, तीच मापे लावली, तर आज्ञावली म्हणाली, रेषा ६११६वर आहे. ६११६ म्हणजे तांबडा रंग. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर रेषा पोपटासारखी हिरवीगार दिसत होती! पोरगी दोन मिनिटे पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझं सगळंच चुकलं?” सगळे नव्हे. एकच चुकले होते, पण ते पायातले होते.

हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न याच भूमीवरून पाहिलेल्या एका सूर्यग्रहणाने जगापुढे उभा केला होता. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून शिरून जमखंडी, विजापूर, गुंटूर असा प्रवास करीत मच्छलीपट्टणमजवळ बंगालच्या उपसागरात उतरली. वर्णपट पाहण्याचे तंत्र तेव्हा नवे होते आणि सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला कशाच्या बनल्या आहेत हे त्याने कळेल अशी आशा होती. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सेन होते आणि मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. ज्वाला वायूच्या आहेत हे त्या काही मिनिटांत ठरले. त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्यांत एक पिवळी होती.

आता पिवळी रेषा म्हटले की सोडियम, हे कोणाही शिकलेल्या माणसाला तेव्हा ठाऊक होते. चुलीच्या ज्वाळेत मीठ पडले की जो पिवळा भडका उडतो तोच हा रंग. सोडियमच्या दोन रेषा जोडीने येतात, ५८९० आणि ५८९६वर. त्यांना ‘डी’ असे नाव आहे. हर्शेल यांनी आपली पिवळी रेषा ‘डी’शी जुळते असे नोंदवले, पण सावधपणे, आपल्या यंत्राची जेवढी कुवत तेवढ्यापुरते. पॉगसन यांनीही ती ‘डी’च्या जागी किंवा जवळ असल्याचे म्हटले. कुणी खोटे बोलत नव्हते. ग्रहणाची अडचण अशी की, खग्रास झाले की सूर्यबिंबाच्या नेहमीच्या वर्णपटातल्या ओळखीच्या काळ्या रेषाही नाहीशा होतात. अंधारात ज्वाला दिसतात खऱ्या, पण त्यांच्याशेजारची मापपट्टीही विझते.

म्हणून पुढचे पाऊल ग्रहणाविना पडले. जॅन्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी भर उन्हात ज्वालांचा वर्णपट पाहून दाखवला. तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर नावाचे युद्धखात्यातले एक कारकून हीच युक्ती स्वतंत्रपणे जुळवत होते. २० ऑक्टोबर १८६८ला त्यांना ती साधली. भर उजेडात सूर्याची कड पाहिली की एकाच दृश्यात दोन्ही दिसते: बिंबाच्या काळ्या रेषा आणि त्यांच्याशेजारी ज्वालेची तेजस्वी रेषा. पट्टी आणि कापड एकाच टेबलावर आले! तेव्हा दिसले की पिवळी रेषा सोडियमच्या जोडीवर बसत नाही. ती जरा बाजूला आहे, ५८७६च्या आसपास. अंतर चौदा अँगस्ट्रॉमचे. भाचीच्या साधनात ते जेमतेम दीड चौकटीचे भरले असते, म्हणजे दिसलेच नसते.

चौदा अँगस्ट्रॉम म्हणजे पाव टक्काही नव्हे. एवढ्यासाठी नवे मूलद्रव्य मानायचे? लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी ही रेषा प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून काढता येते का ते पाहिले. निघाली नाही. मग सूर्यावरच्या या अनोळखी द्रव्याला ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून हेलियम नाव मिळाले. पण पुष्कळांना ते पटले नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही. ज्याला कुणी बाटलीत पाहिलेले नाही त्यावर विश्वास का ठेवावा? सत्तावीस वर्षे हे मूलद्रव्य केवळ एका पत्त्याच्या आधारावर जगले. १८९५ साली विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली. तरीही खुसपट निघाले. रुंगे आणि पाशेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले की, प्रयोगशाळेतली ही रेषा एकेरी नाही. तिला चिकटून एक फिकट जोडीदार आहे. सूर्यावरची रेषा तर एकेरीच मानली जात होती. मग सूर्याकडे अधिक बारकाईने पाहिले गेले, आणि तिथेही जोडीदार सापडला. तेव्हा कुठे शंका मिटली.

आता जरा नाजूक विषय. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जागा दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ला लॉकियरसाहेबांनी या ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला असे सांगितले जाते, वर्तमानपत्रांतून छापले जाते, आणि अलीकडे त्या तारखेला तिथे हेलियम दिन साजराही होतो. मी कोकणातलाच. विजयदुर्गाचा अभिमान मला कुणी शिकवायला नको. पण लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हते. ते इंग्लंडात होते, आणि त्यांनी ती रेषा पाहिली ती दोन महिन्यांनी, लंडनहून.

मग ओट्यांची कथा हवेतून आली काय? मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर ते ‘सर’ झाले होते आणि हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे लोटली होती. ब्रिटिश आरमाराच्या मेल्पोमीन जहाजावरची माणसे त्यांच्या मदतीला होती. दोन ग्रहणे, एक साहेब, एक किल्ला, आणि मधल्या तीस वर्षांची लोकांच्या आठवणीत पडलेली घडी! भाचीने ४३४०ची रेषा ४८६१ म्हणून धरली. आपण १८९८ साल १८६८ म्हणून धरले. त्यानंतरची सगळी स्टेशने आपण मोठ्या आत्मविश्वासाने मोजतो आहोत.

यावर मला एका मित्राने ऐकवले, “अहो, त्या निमित्ताने चार पोरे किल्ल्यावर जातात, विज्ञान ऐकतात. तुमचे काय बिघडते?” बिघडते ते असे की, हेलियमची सारी गोष्टच जवळपास जुळते म्हणून चालवून न घेण्याची आहे. पिवळी आहे ना, मग सोडियमच, असे म्हणून सगळे गप्प बसले असते तर साजरे करायला हेलियम उरलाच नसता. ती गोष्ट सांगताना आपणच साल चालवून घ्यायचे? आणि खरी हकीकत काय कमी रंजक आहे? ज्याने हेलियमला नाव दिले तो माणूस म्हातारपणी विजयदुर्गाच्या तटावर उभा राहून पुन्हा ग्रहण पाहतो. हेलियम दिन १८ ऑगस्टलाच ठेवा, ग्रहण खरे आहे, सावली कोकणातूनच गेली. ओट्यांपाशी मात्र २२ जानेवारीची पाटी लावा.

त्याच २२ जानेवारीला, त्याच सावलीच्या वाटेवर, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे आपला एक माणूस दुर्बिणी लावून उभा होता. त्याचे ओटे कुणी दाखवत नाही. कावसजी दादाभाई नायगामवाला हे त्यांचे नाव. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेला हा पारशी गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे इंजिनीअरिंग कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेत, प्राध्यापक झाला. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि सरकारची मदत यांतून त्यांनी तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. वीस इंची परावर्तक दुर्बीण आणि वर्णपट घेण्याची साधने तिथे होती. जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली छापून निघाला. लिक वेधशाळेचे अमेरिकन शास्त्रज्ञ कँपबेलही त्या ग्रहणासाठी जेऊरलाच उतरले होते.

पण मला नायगामवाला आठवतात ते त्याच्या आधीच्या एका कामासाठी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात ५००७च्या आसपास एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कशाची, यावर तेव्हा मोठा वाद होता. लॉकियर यांचे मत असे की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. दोन्हींच्या मापांत एका अँगस्ट्रॉमचाही फरक नव्हता. तेजोमेघ आणि पृथ्वी एकमेकांच्या संदर्भात सरकत असतात, त्यामुळे रेषाही सरकते. तो हिशेबही चुकता करावा लागतो, म्हणजे माप घेणे आणखी कठीण. नायगामवालांनी पुण्याहून ती रेषा पाहिली आणि १८९१ साली कळवले की ती तीक्ष्ण आहे, पट्ट्याच्या कडेसारखी एका बाजूला विरत जात नाही. म्हणजे मॅग्नेशियम नव्हे. वर्णपटविज्ञानातल्या त्या काळच्या एका बड्या साहेबाविरुद्ध पुण्यातल्या एका प्राध्यापकाने दिलेली ही साक्ष. पुढे १९२७ साली बोवेन यांनी उलगडा केला: ती रेषा ऑक्सिजनची, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. नायगामवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि साधने कोडाईकनालला गेली. पुण्याला यांची एक शताब्दी साजरी करायला हरकत नव्हती. असो.

आज जुन्नरकडच्या डोंगरात गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ची दोन मीटरची दुर्बीण २००६ सालापासून आहे. तिथे वर्णपट घेणाराही ताऱ्याच्या फोटोबरोबर दिव्याचा फोटो घेतो. हे दिवे हेलियम, निऑन, आरगॉन अशा वायूंचे असतात. मग ‘आयराफ’सारखी आज्ञावली उघडायची. ही आज्ञावली अमेरिकेत ॲरिझोनामध्ये तयार झाली आणि खगोलशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या. आता नवी मुले पायथॉन भाषेत तेच करतात. काम मात्र बदललेले नाही. दिव्याच्या रेषांपैकी तीनचार तुम्ही स्वतः ओळखायच्या आणि त्यांची मापे टंकायची. त्यांवरून आज्ञावली एक वक्ररेषा बसवते, यादी पाहून उरलेल्या रेषा स्वतः शोधते आणि सरासरी चूक किती ते सांगते. इथेच फसगत होते. वक्राला वळणे वाढवत नेली की चुकीचा आकडा हवा तितका लहान करता येतो, आणि पट्ट्याच्या टोकांना, जिथे एकही ओळखीची रेषा नसते, तिथे तोच वक्र वेडावाकडा धावतो. दुर्बीण कलली की यंत्र किंचित वाकते, म्हणून संध्याकाळी घेतलेला दिवा मध्यरात्रीच्या ताऱ्याला चालत नाही. काही याद्यांत मापे हवेतली असतात, काहींत निर्वातातली. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेपाशी या दोहोंत पावणेदोन अँगस्ट्रॉमहून जास्त फरक पडतो. तो ध्यानात राहिला नाही तर जागच्या जागी असलेला तारा सेकंदाला ऐंशी किलोमीटरहून अधिक वेगाने पळताना दिसेल. आणि पडद्यावर चूक तरीही इवलीशीच दिसेल.

आज्ञावलीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. नायगामवालांना ज्याला रात्री लागल्या असतील ते ती चहा होईतो करते. पण आपल्या मुलांच्या हातात आपण आलेख देतो, आणि तो कशाशी ताडून पाहिला हे विचारायचे शिकवत नाही. भाचीच्या प्रदर्शनात मला तेच दिसले. तिने मथळा बदलला होता. प्रश्नचिन्ह गेले होते. तक्त्यावर चुकीचा आलेख, त्याखाली टाकीवरच्या दिव्याचा पट्टा, आणि त्याखाली दुरुस्त आलेख, ज्यात हायड्रोजनच्या रेषा पुस्तकात असतात तिथेच होत्या. परीक्षकांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारले, “यात नवीन काय?” बक्षीस शेजारच्या टेबलावरच्या, दिवे लुकलुकणाऱ्या ज्वालामुखीला मिळाले. मला त्या परीक्षकांशी भांडायचे नाही. पन्नास टेबले आणि दीड तासाचा वेळ, ते तरी काय करणार? पण त्यांनी एवढे विचारायला हवे होते की, हा दिव्याचा फोटो इथे कशाला लावला आहे? त्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे तयार होते. सबंध शाळेत बहुधा तिच्या एकटीकडेच.

दाजी दोन दिवस नाराज होते. जिन्यातल्या त्या दोघांना त्यांनी काय सांगितले मला माहीत नाही. भाचीने मात्र आता दिव्याच्या रेषांची यादी मिळवली आहे, हेलियम, निऑन आणि आरगॉनची. परवा ती माझ्याकडे घेऊन आली, कुठली रेषा आधी ओळखावी ते विचारायला. मी चष्मा लावून यादी खाली सरकवत गेलो. पिवळ्या रंगाच्या आसपास, मापाची सुरुवात करायला सोयीची, ठळक आणि एकटी अशी एक रेषा होती. ५८७५.६, हेलियम.

“ही धर,” मी म्हणालो.